पाच वर्षे राहिलो, याला पुरावा काय?

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘ब्रिटनमधील युरोपीय स्थलांतरितांचे नागरिकत्व’ असे उत्तर दिले. त्यावर एका कार्यकर्त्याने अगदी निरागसपणे विचारले, “काका, याचा आपल्याशी काय संबंध?” प्रश्न योग्यच होता. संबंध आहे, आणि तो गोव्यावरून जातो. त्याकडे मी येणारच आहे; परंतु आधी मूळ विषय सांगतो.

मी व्यवसायाने लेखापाल. इंग्लंडमध्ये बावीस वर्षे काढून परत आलो. तिकडे स्थलांतराच्या कायद्याविषयी सल्ला देण्यासाठी नोंदणी लागते, नोंदणीविना असा सल्ला देणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मी कधी कोणाला सल्ला दिला नाही. मी फक्त लोकांचे कागद तारखेनुसार लावून दिले. पगाराच्या पावत्या, बँकेची पत्रके, घरभाड्याचे करार. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे काम चाले, आणि आमच्या सौभाग्यवतींना दुपारचे जेवण स्वयंपाकघरात उभ्याने उरकावे लागे. आज जे सांगणार आहे ते त्या टेबलावर शिकलेले आहे.

युरोपीय संघाच्या सदस्य देशांतील नागरिकांना एकमेकांच्या देशांत राहण्याचा, काम करण्याचा हक्क होता, हे आपणास ठाऊक आहे. पण हा हक्क सरसकट नव्हता. पहिले तीन महिने कोणीही राहावे. त्यानंतर मात्र तुम्ही नोकरदार, स्वयंरोजगारी, नोकरीच्या शोधात असलेले, विद्यार्थी किंवा स्वतःच्या पैशावर राहणारे, यांपैकी कोणीतरी असायला हवे. किंवा अशा माणसाचे कुटुंबीय तरी असायला हवे. असे सलग पाच वर्षे राहिलात की ‘कायम वास्तव्या’चा हक्क आपोआप मिळे. २००४ सालच्या युरोपीय निर्देशाने हे ठरवले आणि ब्रिटनने ३० एप्रिल २००६ पासून ते आपल्या नियमांत आणले.

‘आपोआप’ या शब्दाकडे आपले लक्ष वेधतो, कारण सारा घोळ त्या एका शब्दात आहे. हक्क कायद्याने मिळत होता; त्यासाठी अर्ज करावा लागत नव्हता. गृहखात्याने दिलेला दाखला म्हणजे असलेल्या हक्काची केवळ नोंद. त्यामुळे लाखो लोकांनी दाखला घेतलाच नाही. ब्रिटनमध्ये रहिवाशांची नोंदवही नाही. जर्मनीत घर बदलले की स्थानिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. ब्रिटनमध्ये तसे काही नाही. ओळखपत्रांचा कायदा २००६ साली झाला आणि २०१० साली सरकार बदलताच तो रद्दही झाला. युरोपीय पारपत्रावर सीमेवर शिक्काही मारत नसत. म्हणजे माणूस केव्हा आला, केव्हा गेला, कोठे राहिला, याची नोंद ना सरकारकडे, ना त्याच्याकडे. आणि कोणाला त्याची गरजही वाटली नाही. अनेक वर्षे सुखाने गेली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये नियम बदलला. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर युरोपीय नागरिकाने आधी कायम वास्तव्याचा दाखला काढलाच पाहिजे, असे ठरले. पाठोपाठ २३ जून २०१६ चे सार्वमत झाले, आणि जो तो कागद शोधू लागला. दाखल्याचे शुल्क केवळ ६५ पौंड. पण अर्जाचा नमुना ८५ पानांचा! पाच वर्षांतील प्रत्येक वर्षाचा पुरावा, आणि देशाबाहेरच्या प्रत्येक प्रवासाची तारीख. आपण इथे बसलेल्यांपैकी कोणी गेल्या पाच वर्षांत कोणत्या तारखेला नाशिकला गेलो होतो, हे सांगू शकेल काय?

आता गोव्याचा संबंध सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो, आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून ते नागरिकत्व घेता येते. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात आला. त्यामुळे म्हापशाचा, डिचोलीचा, फोंड्याचा तरुण पोर्तुगीज पारपत्र घेऊन लिस्बनला नव्हे, तर थेट इंग्लंडमध्ये येऊ लागला. लंडनजवळचे साउथॉल, हाउन्स्लो आणि पश्चिमेकडचे स्विंडन ही त्यांची मोठी ठिकाणे. दमण-दीवचे लोक लेस्टरकडे अधिक. स्विंडन म्हणजे पूर्वीचे रेल्वे कारखान्याचे गाव. तिथे मी अनेक वर्षे होतो. एकीकडे चर्चमध्ये कोंकणी मिस्सा, आणि दोन गल्ल्या सोडून कोणाच्या तरी दिवाणखान्यात माटोळी बांधलेली चतुर्थी, हे दृश्य मी तिथे पाहिले आहे. अर्थात या पारपत्राची किंमतही आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. यावरून गोव्यात न्यायालयीन वादही झाले. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज तिकडे जात नाही.

असेच एक डिचोलीकडचे गृहस्थ २०१७ च्या हिवाळ्यात माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत कागद. पहिली अडचण नावाची. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज दप्तरांत आपली नावे कशी लिहिली जात हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना आश्चर्य वाटेल. प्रभूचे पोरोबो, कामतांचे कामोतीं, शेणव्यांचे सिनाय. या गृहस्थांच्या पोर्तुगीज पारपत्रावर वडिलांच्या दप्तरातले आडनाव, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचे, आणि पगाराच्या पावत्यांवर मालकाच्या कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले तिसरेच. तीन नावांचा माणूस एकच आहे, हे आधी सिद्ध करायचे, मग तो कोठे राहिला ते.

ते ३ ऑक्टोबर २००७ रोजी इंग्लंडला आले. मुलगी मार्च २०१२ मध्ये झाली, मुलगा फेब्रुवारी २०१४ मध्ये. दोन्ही जन्म स्विंडनचेच. आता येथे जरा लक्ष द्या. ब्रिटनमध्ये जन्मले म्हणून मूल ब्रिटिश होत नाही. १९८१ च्या कायद्यानुसार जन्माच्या क्षणी आई किंवा वडील यांपैकी एकजण ब्रिटिश नागरिक किंवा तेथे स्थायिक असावा लागतो. वडिलांची पाच वर्षे ३ ऑक्टोबर २०१२ रोजी पुरी झाली असतील, तर त्या दिवशी ते ‘आपोआप’ स्थायिक झाले. म्हणजे मुलगा जन्मतः ब्रिटिश. मुलगी मात्र साडेसहा महिने आधी जन्मली म्हणून नाही. एका घरातली सख्खी भावंडे! तिच्यासाठी वेगळा अर्ज, आणि त्याचे शुल्क त्या काळी हजार पौंडांच्या आसपास.

वडिलांना दाखला हवा तर शेवटची पाच वर्षे दाखवून काम सोपे होते. ती नोकरी पक्की होती, कागद नीट होते. पण तसे केले असते तर ते २०१७ साली स्थायिक झाले एवढेच सिद्ध झाले असते, आणि मुलाचे नागरिकत्व अधांतरी राहिले असते. म्हणून आम्हाला पहिली पाच वर्षे दाखवायची होती. नेमकी तीच कागदांच्या दृष्टीने दुष्काळी.

पहिले वर्ष एका गोदामात, कंत्राटदारामार्फत. तो कंत्राटदार पुढे धंदा गुंडाळून गेला. तिकडचे करवर्ष ५ एप्रिलला संपते आणि मालकाने वर्षाच्या पगाराचे व कराचे एक पत्रक द्यायचे असते. ते पत्रकच नव्हते. तेव्हा करखात्याला पत्र लिहून त्यांच्या दप्तरातून नोकरीचा तपशील मागवला. तो आला, आणि एक वर्ष मार्गी लागले.

दुसरे संकट २००९ चे. मंदी आली होती. स्विंडनचा होंडाचा मोठा मोटार कारखाना त्या वर्षी चार महिने पूर्ण बंद ठेवला होता, आणि त्यावर जगणारे लहानमोठे उद्योग आटले. आमच्या गृहस्थांचे काम अकरा आठवडे सुटले. या काळात त्यांनी बेकारभत्ता घेतला नाही. “परक्या मुलखात येऊन हात पसरायचा नाही,” असा त्यांचा बाणा. मला तो आवडला, आपणासही आवडेल. पण कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ज्याने रोजगार कार्यालयात जाऊन भत्ता मागितला, त्याच्या नावावर तारीखवार नोंद राहिली. तो सक्तीने बेकार झालेला नोकरदार ठरला आणि त्याचा हक्क अखंड राहिला. ज्याने स्वाभिमानाने वाचवलेल्या पैशावर दिवस काढले, त्याच्याजवळ तो काम शोधत होता हे दाखवायला कागद नाही.

इथे त्यांच्या पत्नी मदतीला आल्या. त्या २००९ सालीच लग्न होऊन आल्या होत्या, आणि येताना माहेरहून कालनिर्णय घेऊन आल्या होत्या. पुढे दरवर्षी कोणाबरोबर तरी ते येतच राहिले. आपल्या घरोघरी असते तसे त्या चौकोनांतून दूध, गॅस, चतुर्थी, एकादशी, आणि मध्येच ‘हे मुलाखतीला गेले’ असे लिहिलेले. कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने कालनिर्णय पुरावा म्हणून घेतले नसते, आणि आम्ही ते पाठवलेही नाही. पण त्या तारखा हाती आल्यामुळे जुन्या ई-मेलच्या पेटीत कोठे शोधायचे ते कळले. नऊ अर्ज, चार उत्तरे, आणि रोजगार कार्यालयात नाव नोंदवल्याचे एक पत्र सापडले. नाव त्यांनी नोंदवले होते. भत्ता तेवढा घेतला नव्हता.

तिसरे संकट मात्र गंभीर होते. पाच वर्षांतील कोणत्याही एका वर्षात मिळून सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले, तर साखळी तुटते. बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण अशा महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत सवलत आहे. पण आईच्या आजारासाठी ती मिळेलच, याची खात्री कोणी देईना. आणि हे गृहस्थ सांगत होते, “२०१० साली आई आजारी झाली, तेव्हा मी सात महिने गावी होतो.” पत्नीही म्हणे सात महिने. नातेवाईकही म्हणत सात महिने. मालकाने बिनपगारी रजा दिली होती, नोकरी टिकली होती, त्याचे पत्रही होते. पण सात महिने म्हणजे मोजणी २०११ पासून पुन्हा सुरू. ती २०१६ ला संपणार, आणि २०१४ ला जन्मलेला मुलगाही बाहेर.

मी म्हटले, पारपत्र आणा. ब्रिटनने शिक्का मारला नव्हता, पण भारताने मारला होता. मुंबई विमानतळावरचे आगमन १२ नोव्हेंबर २०१०. निर्गमन २ मे २०११. आम्ही तीनदा मोजले. एकशे एकाहत्तर दिवस, म्हणजे सहा महिन्यांना नऊ-दहा दिवस कमी. गृहस्थ त्या शिक्क्याकडे पाहतच राहिले. त्यांना आनंद झाला नाही; उलट जरासा रागच आला. ते म्हणाले, “असे कसे? मी तर सात महिने तिच्याजवळ होतो.”

एवढ्याने झाले नाही. सप्टेंबरात चतुर्थीलाही ते चौदा दिवस गेले होते. ते यात मिळवले तर एकशे पंच्याऐंशी. परंतु त्यांचे वर्ष ३ ऑक्टोबरपासून मोजायचे. चतुर्थी त्या साली ११ सप्टेंबरला होती, म्हणून ते दिवस आधीच्या वर्षात पडले. गणपती त्या साली तीन आठवडे उशिरा आला असता तर काय झाले असते, हा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला नाही. दाखला मिळाला, मुलाचे पारपत्रही झाले. मुलीचा अर्ज पैसे साठवून पुढच्या वर्षी केला.

दुसरी कहाणी आमच्या शेजारीण बाईंची. त्या जर्मन. १९९६ साली आल्या, तीन वर्षे शाळेत भाषा शिकवली, इंग्रज माणसाशी लग्न केले, दोन मुले वाढवली, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सहा वर्षे सेवा केली. आपल्याकडे अशा स्त्रीला घरचा आधारस्तंभ म्हणतात. कायद्याच्या भाषेत मात्र त्या नोकरदार नव्हत्या, स्वयंरोजगारीही नव्हत्या. पती मायदेशातच राहणारा ब्रिटिश नागरिक, म्हणून त्याच्यामुळे युरोपीय कायद्याचा हक्क मिळत नाही. उरला तो एकच वर्ग, स्वतःच्या साधनांवर राहणारी व्यक्ती. आणि त्या वर्गाला सर्वंकष आजारविमा हवा अशी अट. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सर्वांना खुली. मग खासगी विमा कोण काढणार? एकवीस वर्षांत त्यांना कोणीही त्याविषयी विचारले नव्हते. २०१७ साली अर्ज नामंजूर होऊन आला तो या एका कारणासाठी.

त्या पत्र घेऊन आल्या तेव्हा संतापलेल्या नव्हत्या, खजील झालेल्या होत्या. “मी इतकी वर्षे बेकायदा राहत होते का?” असे त्यांनी विचारले. मी काय सांगणार? बेकायदा म्हणजे कोणी हाकलून देणार नव्हते. पण हक्काने राहत होत्या, असेही कागद म्हणत नव्हता.

पुढे सरकारने नवी योजना आणली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले. त्यापूर्वीच, ३० मार्च २०१९ पासून ‘सेटल्ड स्टेटस’ची योजना पूर्णपणे सुरू झाली होती. तिला शुल्क नव्हते, आणि विम्याची अटही नव्हती. पाच वर्षे येथे राहिलात एवढे दाखवा, पुरे. राष्ट्रीय विमा क्रमांकावरून संगणक कराची नोंद तपासे आणि अनेकांचे काम काही दिवसांत होई. बाईंच्या नावावर कराची नोंद नव्हती. घरपट्टी पतीच्या नावे, विजेचे बिल पतीच्या नावे, बँकेचे खातेही मुख्यतः त्यांचेच. डॉक्टरांच्या दवाखान्याचे पत्र आणि मुलांच्या शाळेने आईच्या नावे पाठवलेली पत्रे, यांवर शेवटी त्यांचे काम झाले. माताभगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मी आमच्या घरी त्यानंतर दोन बिले सौ.च्या नावावर करून घेतली.

या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या व्यवस्थेत अर्ज न करताही हक्क होता. नव्या व्यवस्थेत अर्ज केला आणि दर्जा मिळाला तरच हक्क. ३० जून २०२१ ही मुदत. ब्रिटनमध्ये तीसएक लाख युरोपीय आहेत अशी चर्चा सार्वमताच्या काळात होई. मुदतीपर्यंत अर्ज आले साठ लाखांच्या वर! त्यांत काही दुबार अर्ज होते हे खरे, तरीही नोंदवही नसलेल्या देशाला स्वतःच्या घरात किती माणसे आहेत हे ठाऊक नव्हते, एवढे स्पष्ट झाले. शिवाय हा दर्जा केवळ संगणकावर. हातात कार्ड नाही. घरमालकाला दाखवायचा तर एक सांकेतिक क्रमांक काढून द्यायचा. वयस्क मंडळींना याची फार धास्ती. तेथे २०१८ साली ‘विंडरश’ प्रकरण गाजले होते. कॅरिबियन बेटांतून लहानपणी कायदेशीरपणे आलेल्या, आयुष्यभर कर भरलेल्या वृद्धांकडे कागद नाहीत म्हणून कोणाची नोकरी गेली, कोणाला अटकेत ठेवले. आणि त्यांच्या आगमनाची जुनी कार्डे सरकारनेच २०१० साली नष्ट केली होती. गृहमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ही हकीकत ताजी असताना ‘कार्ड नाही, पण काळजी करू नका’ हे वाक्य कोणाला पटावे?

बाईंना दर्जा मिळाला, आता नागरिकत्व. तर मे २०२० मध्ये नागरिकत्वाच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि विम्याचे ते भूत पुन्हा दारात उभे राहिले. पूर्वीच्या वर्षांत तुम्ही नियमभंग करून राहत होता काय, हे तपासताना विम्याचा प्रश्न येऊ शकेल, सूट देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. जे स्थायिक होण्यासाठी लागत नाही, ते नागरिक होण्यासाठी लागणार! बाईंनी अर्ज बाजूला ठेवला. मार्च २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की ज्याला सरकारी आरोग्यसेवेत विनामूल्य सामावून घेतले आहे त्याला वेगळ्या विम्याची सक्ती नाही. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त केला, आणि ज्यांच्याजवळ स्थायी दर्जा आहे त्यांच्या जुन्या वर्षांची ही उलटतपासणी बंद झाली. अर्ज नामंजूर झाल्यापासून पाच वर्षे.

तरी त्यांनी अर्ज केला नाही. कारण आता दुसऱ्या बाजूचा कायदा आड आला. ब्रिटन संघाबाहेर गेल्यामुळे ब्रिटिश नागरिकत्व घेताच जर्मन नागरिकत्व जाणार होते. त्यांची आई ब्रेमेनला एकटी. तिच्यासाठी केव्हाही तिकडे जाऊन राहावे लागेल ही चिंता. जर्मनीने आपला कायदा बदलून २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, त्यानंतरच त्यांनी दीड हजार पौंडांहून अधिक शुल्क भरले, ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा साठीच्या उंबरठ्यावर दिली, आणि २०२५ साली राजे चार्ल्स यांच्या निष्ठेची शपथ घेतली. त्या समारंभाचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले. त्यात त्यांच्या हातात एक जाडजूड फाईल आहे. समारंभाला फाईल लागत नाही. पण नऊ वर्षांची सवय.

आमच्या डिचोलीकरांनीही गेल्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. आता मी इकडे असल्याने दूरध्वनीवरूनच मदत. मुलगी तेरा वर्षांची झाली आहे. तीच आता वडिलांचे कागद लावते. जुन्या पारपत्राची गरज नव्हती, पण तिने ते चाळले आणि मला विचारले, “आजोबा, आजी एप्रिलच्या पंधराला वारली ना? मग बाबा २ मेला कसे निघाले? तेरावे धरून फक्त सतरा दिवस होतात.” मी म्हटले, बाबांना विचार. ती म्हणाली, “विचारले. ते म्हणतात, रजा संपली होती.”